एक महिना, चार कादंबऱ्या, सहा जण: घरच्या घरी वाचनगट कसा चालवायचा

दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा एकत्र वाचायचं ठरवलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात १९ जण होते. पहिलंच पुस्तक निवडलं 'तुंबाडचे खोत', श्री. ना. पेंडशांची दोन खंडांतली कादंबरी. महिन्याभरात ती दोघींनी संपवली, चौघांनी पहिला खंड अर्ध्यावर सोडला आणि बाकीचे सुप्रभातचे फोटो पाठवत राहिले. दुसरी बैठक झालीच नाही. यात पुस्तकाचा काडीचाही दोष नव्हता. नंतर मी ते पावसाळाभर निवांत वाचलं आणि ते अजून मनात घर करून आहे. चुकली होती ती आमची आखणी.

पुढच्या जुलैत सहा जणांनी पुन्हा सुरुवात केली. चार शनिवार, चार छोट्या कादंबऱ्या, एवढंच ठरवलं. तो महिना पार पडला आणि गट आजही चालू आहे. आपल्या गल्लीत, सोसायटीत किंवा ऑफिसात असं काही करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते क्रमाने लिहिते. मी नाशिकची आहे, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील.

महिना आणि माणसं

आधी महिना ठरवा. एप्रिल-मे नको; लग्नं, सुट्ट्या, पाहुणे यांत शनिवार हाती लागत नाहीत. गणपती ते दिवाळी हा काळही सोडा. जून-जुलै किंवा जानेवारी उत्तम. आमच्याकडे जुलैत पाऊस लागला की संध्याकाळी कोणी कुठे जात नाही, त्याचा आम्हाला फायदाच झाला.

माणसं पाच ते सात असावीत. चारच असतील तर दोघं आजारी पडली की बैठक बुडते. आठाच्या वर गेलात की दोघं-तिघं बोलतात, बाकीचे ऐकतात, आणि ऐकणारे तिसऱ्या बैठकीला यायचे थांबतात. सगळे एकाच वयाचे आणि एकाच पेशाचे नसावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आमच्यात एक निवृत्त शिक्षक काका, मूळच्या लातूरकडच्या एक ताई, शेजारच्या वहिनी, माझा ऑफिसातला एक सहकारी, औषधाच्या दुकानात काम करणारी २६ वर्षांची मुलगी आणि मी. यातले तिघं जण एकमेकांना आधी ओळखतही नव्हते.

बोलावताना "तुम्ही खूप वाचता ना, म्हणून या" असं म्हणू नका. त्या वाक्याने माणूस बिचकतो. "चार पातळ पुस्तकं आहेत, चार शनिवार यायचं" एवढं सांगा. वहिनींनी दहावीनंतर कादंबरी हातात धरली नव्हती, पण त्या आल्या. आज आमच्यात सगळ्यात बारकाईने वाचतात त्या.

आधी स्वतःचा वेग मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पुस्तक घ्या, घड्याळ लावा, दहा पानं नेहमीसारखी वाचा. मला दहा पानांना १८ मिनिटं लागतात. म्हणजे १३० पानांच्या कादंबरीला २३४ मिनिटं, चार तासांना थोडी कमी. आठवड्यातले सहा दिवस धरले तर रोज ३९ मिनिटं. कागदावर हा हिशोब मांडला आणि माझी धाकधूक गेली, कारण तेवढा वेळ तर रात्री जेवणानंतर मोबाइलवर सहज जातो.

काकांना दहा पानांना २५ मिनिटं लागली, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांनी रोजचे दोन भाग केले, सकाळी चहाबरोबर एक आणि दुपारी एक. ज्याला जितका वेळ लागतो तितका लागू द्या, पण तो किती लागतो हे महिना सुरू होण्याआधी माहीत हवं. एक सूचना: कादंबरी बोलीत असेल तर पहिले दोन दिवस वेग बराच उतरतो. कान बसला की तो आपोआप परत येतो, त्यामुळे त्या दोन दिवसांवरून पुस्तक सोडू नका.

चार पुस्तकं निवडताना

पहिल्या महिन्यासाठी माझ्या तीन अटी होत्या. पुस्तक दीडशे पानांच्या आसपास असावं, बाजारात किंवा वाचनालयात सहज मिळावं, आणि चारही पुस्तकांचा मुलूख वेगळा असावा. मुलूख वेगळा असला की गटातल्या कोणाचं ना कोणाचं गाव पुस्तकात निघतं आणि मग तो माणूस बोलायला लागतो. आमची यादी अशी ठरली: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', पु. शि. रेगे यांची 'सावित्री', रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आणि विश्राम बेडेकरांची 'रणांगण'.

क्रमही विचार करून लावला होता. सोप्या भाषेची आणि भरपूर माणसांची कादंबरी आधी. मग अगदी छोटी, म्हणजे पहिल्या आठवड्यात मागे पडलेल्यांना गाठता येतं. तिसऱ्या आठवड्यात बोली, कारण तोवर एकमेकांसमोर मोठ्याने वाचायची भीड चेपलेली असते. ज्या पुस्तकामागे इतिहास समजून घ्यावा लागतो ते शेवटी.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' पहिल्या महिन्यात घ्यायची का, यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. सहकाऱ्याचा हट्ट होता, त्याने ती कॉलेजात तीनदा वाचलेली. मी नको म्हटलं. पानं दुपटीहून जास्त, आणि ज्याचं ते आवडतं पुस्तक असतं तो दुसऱ्याला त्यावर बोलू देत नाही. ती आम्ही पुढे नोव्हेंबरात, दोन महिने देऊन वाचली.

प्रती कुठून आणायच्या

सहा जण आणि पुस्तक एक, ही खरी अडचण. सगळ्यांनी सगळी विकत घ्यायची म्हटलं तर पुष्कळांना परवडत नाही आणि ते तसं बोलूनही दाखवत नाहीत. आम्ही भिशीचा मार्ग काढला. प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. त्यातून प्रत्येक पुस्तकाच्या जमतील तेवढ्या, बहुधा दोन प्रती घ्यायच्या आणि बाकीच्या मागून आणायच्या. महिना संपला की चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या नावावर जे पुस्तक निघेल ते त्याचं.

मागून आणायचं ठिकाण म्हणजे वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, आम्ही त्याला 'सावाना' म्हणतो. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. पण एवढं जुनं वाचनालय नसलेल्या गावांतही अ, ब, क, ड वर्गातली सार्वजनिक ग्रंथालयं असतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे त्यांना सरकारी अनुदान मिळतं. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली की पुस्तक घरी नेता येतं. जायच्या आधी फोन करून पुस्तक जागेवर आहे का, हे विचारा, आणि आपण गटाने वाचतोय हे ग्रंथपालांना सांगा. आमच्या ग्रंथपाल बाईंनी 'पाचोळा' मागच्या कपाटातून शोधून काढून ठेवली होती.

बाकीच्यांनी ई-पुस्तक घेतलं तरी चालेल. काकांना डोळ्यांमुळे ऐकणं सोयीचं वाटतं. स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या अ‍ॅपवर बरीच मराठी पुस्तकं आहेत, आपलं आहे का ते आधी पाहून घ्या. ऐकलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलंच, यावर गटात शंका नको.

एक छोटी पण डोकं खाणारी गोष्ट सांगून ठेवते. प्रत्येक आवृत्तीत पानांचे आकडे वेगळे असतात. "पान ६४ वर बघा" म्हटलं की सहा जण सहा ठिकाणी उघडतात आणि दहा मिनिटं जातात. म्हणून पानाऐवजी प्रकरण सांगायचं आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द वाचायचे. हे आम्ही पहिल्याच शनिवारी शिकलो.

वाचताना

वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करायच्या नाहीत. जुन्या वहीची पानं पट्ट्यांसारखी कापून ठेवा, थांबावंसं वाटलं तिथे पट्टी घाला आणि तिच्यावर दोन-तीन शब्द लिहा. बैठकीला येताना पुस्तकातून पट्ट्या बाहेर डोकावत असल्या की कोण कुठे थांबलं हे न विचारता कळतं.

याशिवाय प्रत्येकाने एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहायच्या: जसंच्या तसं उतरवलेलं एक वाक्य आणि न कळलेला एक शब्द. शब्द लगेच शोधायचा नाही, वाचत पुढे जायचं. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाहायचा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात फुकट पाहता येतात. बोलीतले पुष्कळ शब्द दाते-कर्व्यांत सापडतात. जे सापडत नाहीत ते शनिवारसाठी ठेवायचे, कारण गटात कोणाच्या तरी आजीने तो शब्द वापरलेला असतो.

बैठकीचा दीड तास

आमची वेळ शनिवारी पाच ते साडेसहा. साडेसहाला पुस्तकं मिटायची, मग ज्यांना गप्पा मारायच्या त्यांनी मारत बसावं. वेळेत संपवलं की ज्यांच्या घरी स्वयंपाक व्हायचाय त्यांचा जीव टांगणीला लागत नाही आणि त्या पुढच्या शनिवारी बिनघोर येतात.

खाण्याचा नियम पहिल्या दिवशीच करा: ज्याच्या घरी बैठक त्याने चहा आणि कोरडं काहीतरी एकच, चिवडा किंवा भडंग. ओळखीच्या एका गटात एकीने ढोकळा केला, दुसरीने पावभाजी, तिसरीने पाच पदार्थ, आणि चौथीने बैठक आपल्या घरी घ्यायचंच टाळलं. मोठ्या पंगतीच्या धास्तीने गट मोडल्याचं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय.

पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचन. कोणीही उठून आपल्या आवडीचं अर्धं पान वाचायचं. याने खोली शांत होते आणि ज्यांनी पुस्तक तीन दिवसांपूर्वी संपवलंय त्यांच्या कानात ते परत येतं. मग एक फेरी, प्रत्येकाने आपल्या एका पट्टीविषयी बोलायचं. "आवडलं का?" हा प्रश्न मुद्दाम टाळतो. त्याचं उत्तर एका शब्दात येतं आणि पुढे काही उरत नाही. "तुम्ही कुठे थांबलात?" असं विचारलं की माणूस पुस्तक उघडतो, ती जागा शोधतो आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच काहीतरी सापडतं.

चहानंतरचा अर्धा तास शेवटाविषयी. ज्याचं वाचून झालेलं नाही त्याने चहापर्यंत थांबावं, पुढे थांबायचं की घरी जायचं ते त्याने ठरवावं. पण पुस्तक संपलं नाही म्हणून यायचं टाळायचं नाही, हा नियम आम्ही सगळ्यात कडक पाळतो. न वाचता आलेल्याला कोणी टोमणा मारला तर त्याला तिथल्या तिथे थांबवायचं. पहिल्या महिन्यात मीच एकदा वहिनींना "अहो, एवढंसं तर पुस्तक" म्हणून बसले. त्या हसल्या, पण पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली तेव्हा कळलं की त्या आठवड्यात त्यांच्या सासूबाई दवाखान्यात होत्या.

चार शनिवार, चार पुस्तकं

'बनगरवाडी' १९५५ साली आली. एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो. वाक्यं छोटी, भाषा सरळ. वाचायची सवय सुटलेल्या माणसालाही ती धरून ठेवते. चर्चेआधी कोणीतरी पाच मिनिटं औंध संस्थानाविषयी सांगावं. माडगूळकरांचं माडगूळ त्या संस्थानात होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते, आणि १९३९ साली त्यांनी रयतेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली. हे ठाऊक असलं की वस्तीवर तालीम बांधायची धडपड आणि त्यासाठी राजाने येणं, हा भाग वेगळाच दिसतो. चर्चेला आम्ही प्रश्न घेतला: मास्तराला कोणती गोष्ट उशिरा कळते? त्यावर काका त्यांच्या पहिल्या नेमणुकीवर आले. सुरगाण्याकडचा एक पाडा, भातलावणी सुरू झाली की वर्गात दोनच पोरं, आणि हजेरीपटावर काय लिहायचं या विवंचनेत बसलेला २२ वर्षांचा मास्तर. वीस मिनिटं ते बोलत होते. त्यांच्याशी माझी दहा वर्षांची ओळख, पण यातलं अक्षरही मला माहीत नव्हतं.

'सावित्री' १९६२ ची. सगळी कादंबरी पत्रांतून उलगडते, तीही फक्त सावित्रीने लिहिलेल्या पत्रांतून. समोरच्याची उत्तरं आपल्याला वाचायला मिळत नाहीत. पुस्तक इतकं लहान की एका रात्रीत संपतं. तसं करू नका. रोज पाच-सहा पत्रांवर थांबा, जसं टपाल रोज थोडं थोडं येतं तसं. मोराची गोष्ट आली की तिथेच पुस्तक मिटून एक दिवस जाऊ द्या. बैठकीसाठी आम्ही एक काम ठरवलं होतं, ते तुम्हीही जरूर करा: कुठल्याही एका पत्राला समोरच्याचं उत्तर लिहून आणायचं, दहा ओळींत. सहा उत्तरं आली आणि सहाही माणसं वेगळी. औषधाच्या दुकानातली मुलगी तोवर फारशी बोललेली नव्हती. तिच्या उत्तरात एवढंच होतं की तुझं पत्र पोचलं, मी ते खिशात ठेवून दिवसभर काम केलं, आणि काय लिहावं ते संध्याकाळपर्यंत सुचलं नाही. तिने वाचून कागद पटकन घडी करून पर्समध्ये टाकला. काकांनी तो मागून घेतला आणि पुन्हा एकदा स्वतः वाचला.

'पाचोळा' १९७१ ची. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती सांगते, तिच्या बोलीत. पहिल्या दोन दिवसांत गटावर तक्रारी सुरू झाल्या: कळत नाही, अडखळायला होतं. मी सगळ्यांना दोनच पानं मोठ्याने वाचायला सांगितली, दार लावून, कोणी ऐकत नसताना. डोळ्यांना अवघड जाणारी बोली कानाला लवकर कळते, हा माझा अनुभव आहे, आणि त्यानंतर तक्रारी थांबल्या.

त्या शनिवारी बैठक ताईंच्या घरी होती. ताई नाशकात तीस वर्षं आहेत, बँकेत होत्या. बोलणं अगदी छापील. त्या लातूरकडच्या आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण त्यांच्या बोलण्यातून ते कधी जाणवलं नव्हतं. वाचनाची वेळ आली तेव्हा सहकाऱ्याने सुरुवात केली आणि चौथ्या ओळीत तो अडला. शब्द वाचत होता, पण हेल पुस्तकातल्यासारखा लागत नव्हता. ताई म्हणाल्या, "आण इकडे." त्यांनी चष्मा लावला, पुस्तक जरा लांब धरलं आणि वाचायला लागल्या. पहिली दोन वाक्यं त्यांच्या नेहमीच्या आवाजात, मग आवाज बदलला. खाली उतरला, लांबला, शब्दांची शेवटं वेगळ्याच जागी पडायला लागली. अर्धं पान वाचायचं ठरलं होतं, त्यांनी तीन पानं वाचली. कोणी चहाचा कप उचलला नाही. पुस्तक मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "माझी आई अशी बोलायची. नोकरीला लागले त्या वर्षी मला हसले होते लोक, तेव्हापासून मी हे बोलणं फोनपुरतं ठेवलं. आई गेल्यावर फोनवरही नाही."

त्या दिवशी शेवटाची चर्चा झालीच नाही. वहिनी उठल्या, परस्पर त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला. आता ताई मला किंवा वहिनींना फोन केला की "काय करायलीस गं?" अशीच सुरुवात करतात. म्हणून सांगते, बोलीतलं एक तरी पुस्तक यादीत ठेवाच, आणि ते वाचायला त्या मुलखातलं माणूस मिळालं तर चर्चेचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी त्याला वाचू द्या.

'रणांगण' १९३९ ची. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटतात. पुस्तक छोटं असलं तरी याच्याआधी दहा मिनिटं इतिहासाला द्या. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर त्यांच्या दुकानांवर, प्रार्थनाघरांवर हल्ले झाले. देश सोडायचा तर घेणारा देश हवा, आणि बहुतेकांनी दारं लावून घेतली होती. व्हिसाशिवाय उतरता येईल अशा मोजक्या ठिकाणांत शांघाय होतं, म्हणून पूर्वेला जाणाऱ्या बोटींवर ही माणसं होती. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटलं. म्हणजे बेडेकरांनी हे मागे वळून लिहिलेलं नाही, युद्ध दारात उभं असताना लिहिलंय, आणि पुढे काय होणार ते त्या बोटीवर कोणालाच ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक असतं. ते ठाऊक असण्याने वाचताना काय होतं, यावर आमची सगळी बैठक गेली. एक जगाचा नकाशाही भिंतीला लावा. वहिनींनी मुलाच्या शाळेचा आणला होता, त्यावर सुएझवरून मुंबईपर्यंत आणि पुढे शांघायपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. त्या रेघेवरचं मुंबई बंदर पाहून चक्रधराच्या उतरण्याचा अर्थ सगळ्यांना एकदम कळला.

ज्यांचं वाचून लवकर होतं त्यांच्यासाठी या आठवड्यात विभावरी शिरूरकरांची 'बळी' जोडीला ठेवा. १९५० ची कादंबरी, सोलापूरच्या तारांच्या कुंपणातल्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवरची. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी, आणि त्या वसाहतीत त्यांनी स्वतः काम केलं होतं. दोन्ही पुस्तकांत माणसांना जन्मावरून वेगळं काढून कोंडलेलं आहे. मी दोन्ही एकापाठोपाठ वाचली, आणि तुम्हीही तशीच वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

गट टिकवायचा तर

व्हॉट्सअ‍ॅपवर गट हवाच, पण त्यावर फक्त पुस्तक, वेळ आणि पत्ता. बाकी काही आलं तर ज्याने गट काढला त्याने पाठवणाऱ्याला वेगळा फोन करून सांगावं, गटावर सगळ्यांसमोर सांगू नये.

दर बैठकीला सूत्र वेगळ्याकडे द्या. सगळ्यात जास्त वाचलेला माणूस पहिल्या महिन्यात सूत्रधार नसावा. त्याच्याकडे माहिती असते, ती द्यावीशी वाटते, आणि बैठकीचं व्याख्यान होतं. आमच्या सहकाऱ्याला हे कळायला दोन आठवडे लागले. आता तो स्वतःच शेवटी बोलतो.

मतभेद होतील, होऊ द्या. 'सावित्री'वरून काका आणि वहिनींचं चांगलंच जुंपलं. वहिनींना ती बाई फारच शहाणी, खरी न वाटणारी वाटली. काकांना राग आला. अशा वेळी एकच करायचं: दोघांनीही पुस्तक उघडून आपली जागा वाचून दाखवायची. वाचून दाखवल्यावर राग पुस्तकावर जातो, माणसावर राहत नाही. मत कोणाचंच बदललं नाही, पण काकांनी वहिनींच्या मुलाला गणित शिकवायला सुरुवात केली ती त्याच आठवड्यात.

आणि कोणाच्या घरी आजारपण, मरण, परीक्षा असं काही आलं तर तो शनिवार पुस्तकाविना जाऊ द्या. ऑगस्टच्या सुरुवातीला सहकाऱ्याचे वडील गेले. आम्ही दहा दिवसांनी त्याच्याकडे गेलो, पुस्तक नेलं नाही, तासभर बसून परत आलो. निघताना त्यानेच विचारलं, "पुढचं कोणतं?"

लांब राहणाऱ्यांसाठी

गटातलं कोणी परगावी किंवा परदेशात असेल तर महिन्यातली एक बैठक व्हिडिओवर घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे चार आणि न्यू जर्सीला सकाळचे अकरा असतात; शनिवारी ही वेळ तिन्हीकडे जमते. व्हिडिओवर एक तासच ठेवा आणि बोलायचा क्रम आधी ठरवा, नाहीतर सगळे एकदम बोलतात किंवा कोणीच बोलत नाही. परदेशात मराठी पुस्तक हाती लागणं अवघड. सुट्टीवर येणाऱ्याकडे पुढच्या चार महिन्यांची यादी आधी द्या, बॅगेत चार पातळ पुस्तकं सहज मावतात.

महिनाअखेर

शेवटच्या शनिवारी चिठ्ठ्या टाकल्या. मला 'बनगरवाडी' निघाली, मुलीला 'सावित्री'. 'पाचोळा'ची एक प्रत वाचनालयाची होती आणि एक भिशीची. भिशीच्या प्रतीला चिठ्ठी सहकाऱ्याची निघाली. त्याने ती न उघडताच ताईंच्या हातात दिली. ताईंनी पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली आम्हा सहा जणांची नावं लिहिली. पुढच्या महिन्यासाठी उद्धव शेळक्यांची 'धग' ठरली होती. बोली वऱ्हाडी, त्यामुळे आता वऱ्हाडकडचं कोणी ओळखीचं आहे का, याची विचारपूस सुरू झाली. काकांच्या शाळेतल्या एक बाई अमरावतीच्या निघाल्या. सोमवारी वाचनालयाची पुस्तकं परत करायला गेले तेव्हा ग्रंथपाल बाईंनी 'धग' टेबलावर काढून ठेवलेली होती, आणि सातवी जागा रिकामी आहे का, असं त्यांनी मला विचारलं.